मठाच्या वहीतलं नाव

शिकागो
६ जून २०२५

प्रिय इशिता,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील असं धरून चालते. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे उघडलंच नसशील, तर यापुढचं सगळं मी माझ्याशीच बोलते आहे. त्याची मला सवय आहे.

पत्ता देवांगने दिला. तुमची ऑफिसं बेलव्ह्यूमध्ये एकाच रस्त्यावर आहेत आणि तू त्याला दोनदा भाजीच्या दुकानात दिसलीस, असं म्हणाला. मी विचारलं, "हाय केलंस का?" तर म्हणे, "तिने कोथिंबिरीची जुडी इतकी निरखून बघितली यार, की मी समजलो." मी आधी ईमेलच करणार होते. पण ईमेल न वाचता उडवता येतो. कागद निदान फाडावा तरी लागतो.

माझं सांगते. डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहते. दोन कॉलेजांत शिकवते, दोन्हीकडे कच्च्या नोकरीवर, दोन्हीकडे तोच विषय, त्यामुळे आठवड्यातून चार वेळा रोमचा पाडाव करते. शुक्रवारी वर्ग संपला की सोमवारी वर्ग सुरू होईपर्यंत बोलणं होत नाही. सोमवारी हजेरी घेताना पहिल्या नावाला आवाज फुटत नाही, तेव्हा ते लक्षात येतं. मिठाईच्या दुकानातला माणूस पाव किलोच्या खाली काही तोलायला नाखूश असतो. एकटीला पाव किलो जिलबी म्हणजे तीन दिवस.

आई गेली, दोन वर्षं झाली. तुझी आठवण काढायची. "ती ठाण्याची मुलगी, जी फोनवर मध्येच तुझा फोन हिसकावून माझ्याशी बोलायची, ती कुठे असते?" मी सांगायचे, बिझी असते.

डॉक्टरेट मिळाली, २०१४ मध्ये. पुस्तक झालं नाही. विषय तोच, ज्याला तू "जर्मनांची मेस" म्हणायचीस. इटलीतल्या त्या गावाचं नाव लिहीत नाही, तू तीनदा विचारून तीनदा विसरली होतीस. चारशे वर्षांपूर्वी आल्प्स ओलांडून मुलं तिथे कायदा आणि वैद्यक शिकायला यायची आणि आपापल्या भाषेच्या मंडळात नाव घालायची. त्या मंडळाला 'नेशन' म्हणत. देश या अर्थाने नाही, परदेशात आपली माणसं या अर्थाने. जर्मन नेशनमध्ये डेन्मार्कचेही असत आणि बोहेमियाचेही, इंदूरचा देवांग आपल्यात जसा मराठी ठरला तसे. आल्या आल्या नव्याने वहीत स्वतःच्या हाताने नाव आणि गाव लिहायचं. मग आजारी पडलास तर नेशन बघणार, मेलास तर खांदा देणार, गावच्या शिपायाने पकडलं तर सोडवायला येणार.

आता कामाचं. आपल्या जुन्या विद्यार्थी मंडळाला या वर्षी पंचवीस वर्षं होतात. स्मरणिका निघते आहे. हल्लीची अध्यक्ष केया नावाची मुलगी आहे, जन्म न्यू जर्सीचा, आईवडील पुण्याचे. तिने फोन केला: "रत्ना मावशी, तुम्ही हिस्टोरियन आहात, सो मठाची हिस्टरी तुम्हीच लिहायची." मी हो म्हणाले. शनिवारी-रविवारी करायला काहीतरी होईल, हेही मनात होतं.

सुरुवात अशी केली आहे: "कॅम्पसच्या उत्तरेला पिवळ्या रंगाचं एक भाड्याचं घर आहे, मुलं त्याला मठ म्हणतात. जुने विद्यार्थी जातात, नवे येतात, घर तेच राहतं. फ्रिजवर स्वयंपाकाच्या पाळीचा तक्ता असतो, आणि ज्याचं नाव तक्त्यावर, तो घरचा. नव्याने येणाऱ्याला एअरपोर्टवरून कोणीतरी घेऊन येतं. तो जेवायला बसण्याआधी लांब पाठकोऱ्या वहीत आपलं नाव, गाव आणि तारीख लिहितो." केयाने ती वही मला कुरिअर केली. पहिल्या पानापासून सगळ्यांची अक्षरं आहेत. प्रथमेशने गावाच्या जागी "आळंदी रोड, पेट्रोल पंपासमोर" लिहिलं आहे.

शेवटी रहिवाशांची पूर्ण यादी द्यायची आहे. तुझं नाव वहीत आता वाचता येत नाही. ते यादीत घालायचं आहे आणि त्यासाठी तुझी परवानगी हवी, एवढंच विचारायला हे पत्र.

वह्यांमधली न वाचता येणारी नावं हा माझा धंदाच झाला आहे म्हण. जर्मनांच्या वहीत एक नाव सुरीने खरवडून काढलेलं आहे. मथियास नावाचा मुलगा. एका नव्या मुलाला एका सीनियरने मारलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. मथियासने नेशनमध्ये न बोलता थेट गावच्या न्यायाधीशाकडे तक्रार केली. नेशनने मतदान घेतलं आणि त्याला काढलं.

स्मरणिकेत पहिला लेख शार्दूलवर आहे, आपल्या सगळ्यांना एअरपोर्टवरून आणणारा म्हणून. जुन्या लोकांनी तसं ठरवलं आहे.

खाली फोन नंबर देते. सिॲटलकडे पाऊस फार असतो असं ऐकते. तब्येतीला जप.

तुझी उत्तराची सक्ती न करणारी,
रत्ना


शिकागो
२९ जून २०२५

प्रिय इशिता,

तुझा मेसेज मिळाला. सतरा दिवसांनी आला, आणि मी तो बसमध्ये वाचला आणि माझा स्टॉप गेला.

"पत्र मिळालं. यादीत नाव नको. त्या जर्मन मुलाचं पुढे काय झालं?"

नाव घालणार नाही. तू सांगितलंस, विषय संपला.

मुलाचं पुढे काय झालं ते कोणालाच माहीत नाही. नेशनबाहेर पडलेल्या मुलाला त्या गावात खोली मिळणं अवघड होतं. घरमालक नेशनच्या शब्दावर खोल्या देत. पुस्तकं नेशनच्या कपाटात, वैद्य नेशनचा, पैसे घरून आणणारा व्यापारीही नेशनच्या ओळखीचा. महिनाभरात तो गेला असावा. मी आणखी तीन विद्यापीठांच्या वह्या पाहिल्या. एका ठिकाणी याच नावाचा, त्याच प्रांतातला एक मुलगा सापडतो, पण त्याने वडिलांचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे खात्री देता येत नाही. मला तो तोच असावा असं वाटतं. असं वाटण्याला आमच्या धंद्यात किंमत नाही.

तू विचारलंस म्हणून आणखी सांगते. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्याच्यावर आहे. मी त्यात असं मांडलं की नेशनचा निर्णय क्रूर होता, पण समजण्यासारखा होता. परक्या गावात, परक्या भाषेत मूठभर मुलं. त्यांच्यातला एक बाहेर जाऊन बोलला की सगळ्यांचं संरक्षण जातं. एकी टिकवण्याची किंमत एकाने भरली. छान लिहिलं होतं मी ते. दोन ठिकाणी वाचलं, टाळ्या मिळाल्या. आणि ते प्रकरण पुस्तकासाठी पुन्हा लिहायला घेतलं की गेली दहा वर्षं मी दुसऱ्या पानावर थांबते. लोकांना सांगते, कॉलेजमुळे वेळ होत नाही.

तुला वाटलं असेल, ही वहीतल्या नावाबद्दल इतकं बोलते आणि आपल्या वहीबद्दल "वाचता येत नाही" असं म्हणून सटकते. बरोबर वाटलं.

तू वर खोलीत बॅग भरत होतीस आणि आम्ही खाली बसलो होतो, तो रविवार. डिसेंबर २००९. सकाळचे पोहे झाले होते, परातीत थोडे उरले होते. शार्दूल मुद्दाम बाहेर गेला होता, म्हणजे आम्हाला मोकळेपणी बोलता यावं. तो असा होता, तुला माहीत आहे. स्वतःवरच्या आरोपाची मीटिंगसुद्धा त्याने सोयीची करून दिली.

प्रथमेश म्हणाला, "हे बघा, त्याची जॉब ऑफर गेली असती, व्हिसा गेला असता. कशावरून? एका बाईच्या डोक्यात काहीतरी आलं म्हणून. आपल्या सगळ्यांना एअरपोर्टवरून कोणी आणलं?"

देवांग म्हणाला, "पण तिला एकदा विचारूया ना यार."

"युनिव्हर्सिटीने विचारलं. काही नाही निघालं. अजून काय विचारायचं?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी परातीतले शेंगदाणे वेचत होते. मी काही म्हणाले नाही, आणि ते पुरेसं झालं. तक्त्यावरून तुझा बुधवार काढला आणि देवांगला दिला. वही त्या वर्षी माझ्याकडे असायची. प्रथमेशने नुसतं "वहीचंही बघ गं" म्हटलं. सुरी वगैरे नाही, व्हाइटनर. माझ्या टेबलावरचं. मी तुझ्या नावावर ते दोनदा फिरवलं, कारण निळी शाई पहिल्या थराखालून दिसत होती. फुंकर मारून वाळवलं.

पंधरा वर्षं मी चारशे वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी सुरीचा अभ्यास करते आहे आणि व्हाइटनरचं कोणाला सांगितलेलं नाही.

हे लिहिल्यावर बरं वाटेल असा अंदाज होता. तसं काही झालेलं नाही.

आणखी एक, बातमी म्हणून. शार्दूल आता शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. मोठं घर, तळघरात वेगळी खोली, बाथरूम. लीज सुरू व्हायच्या आधी नव्या मुलामुलींना आठवडाभर तो घरी ठेवून घेतो, एअरपोर्टवरून स्वतः आणतो. बायको नोकरीनिमित्त निम्मा महिना डॅलसला असते. केया फोनवर सांगत होती, "इट्स सो स्वीट, मावशी, या ऑगस्टला चार मुली येतायत, चारही त्यांच्याकडे." त्यातली एक नाशिकची आहे, अनिका. बावीस वर्षांची. तिने केयाला विचारलं म्हणे की शार्दूलकाकांसाठी चिवडा आणू की चकली.

मी केयाला म्हणाले, "हो का, छान."

इकडे उकाडा आहे. पंखा लावून लिहिते आहे, कागद उडतो म्हणून त्यावर वही ठेवली आहे.

जमल्यास वाच, नाही जमलं तर ठेवून दे.
रत्ना


शिकागो
२० जुलै २०२५

प्रिय इशिता,

तुझा दुसरा मेसेज एकाच ओळीचा होता.

"आणि ज्याने मार खाल्ला, तो?"

मला प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत एका वयस्कर प्राध्यापिकेने हेच विचारलं होतं. मी म्हणाले होते, उपलब्ध साधनांमध्ये त्याच्याबद्दल फारसं नाही. ते खोटं होतं. भरपूर आहे.

त्याचं नाव याकोब. न्यायाधीशाने बोलावून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं की मी जिन्यावरून पडलो. तसा कागद आहे, खाली त्याची सही आहे. डाव्या हाताने केलेली, कारण उजवा हात गळ्यात बांधलेला होता. याकोब नेशनमध्येच राहिला. दोन वर्षांनी त्याला प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं. त्याचं कुलचिन्ह अजून तिथल्या भिंतीवर रंगवलेलं आहे. मी त्याचा फोटो काढला होता. माझ्या प्रबंधात तो यशस्वी विद्यार्थ्याचं उदाहरण म्हणून येतो, आणि तिसऱ्या प्रकरणात येत नाही.

आता माझं.

तुला मी तेव्हा तोंडी सांगितलं होतं, अर्धंमुर्धं, उशीत तोंड घालून. लिहिलं कधीच नाही. नोव्हेंबर २००९, गुरुवार, दुपारी तीनच्या सुमारास. तू लॅबमध्ये होतीस. तळघरातल्या वॉशिंग मशीनजवळून माझी कपड्यांची टोपली घेऊन तो वर आला, "विसरलीस की" म्हणाला. टोपली खाली ठेवली आणि दार लावलं. पलंगावर माझ्या शेजारी बसला, मनगट धरलं. मी "दादा, नको" म्हणाले. पहिल्या दिवसापासून मी त्याला दादाच म्हणत होते. त्याने मनगट सोडलं नाही. दुसरा हात माझ्या कुडत्याच्या आत घातला. मी पुन्हा म्हणाले, दादा. किती वेळ ते सांगता येणार नाही. खाली प्रथमेशच्या गाडीचा आवाज आला तेव्हा तो उठला, टोपलीतला एक टॉवेल उचलून नीट घडी करून ठेवला आणि गेला. मला आजही त्या घडीचा राग हाताच्या रागापेक्षा जास्त येतो. असं का ते माहीत नाही.

तू संध्याकाळी आलीस, मला पाहिलंस, विचारलंस, आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून विद्यापीठाच्या तक्रारींच्या ऑफिसात नेलंस. तक्रार तुझ्या नावाने लिहिलीस, कारण मला लिहवत नव्हतं. "तू फक्त खरं सांग," म्हणालीस, "बाकी मी बघते."

आत एक बाई होत्या, चांगल्या होत्या. टेबलावर पेपरमिंटची बरणी होती. त्यांनी विचारलं, तुमच्या मैत्रिणीने लिहिलं आहे तसं घडलं का? आणि मला एअरपोर्ट दिसला. ऑगस्टमधला दिवस, माझी एक बॅग आलेली नव्हती, बाहेर आलेल्या गर्दीत माझ्या नावाचा पुठ्ठा धरून उभा असलेला एकच माणूस. पाच तास गाडी चालवत आला होता. थंडीतलं जॅकेट त्याने आधीच आणून ठेवलं होतं, माझ्या मापाचं. ज्याने आपल्याला या देशात हाताला धरून आणलं, त्याचं नाव परक्या ऑफिसात घ्यायचं? घरचं घरात मिटवतात. तो हद्दपार होईल. आईला काय सांगू? हा सगळा विचार मी खरोखर एवढ्या क्रमाने केला की आता पंधरा वर्षांत रचला, ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

मी त्यांना इंग्रजीत म्हणाले, तो मला थोरल्या भावासारखा आहे. मैत्रिणीचा गैरसमज झाला.

त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

बाहेर बाकावर तू बसली होतीस. माझा कोट तुझ्या मांडीवर होता. तू मान वर केलीस आणि मी म्हणाले, "सांगितलं."

तुला कळलं बारा दिवसांनी, पत्र आलं तेव्हा. तक्रारीला आधार सापडत नाही, असं पत्र. तू ते स्वयंपाकघरात उभी राहून वाचलंस, घडी घातलीस, आणि त्या रात्रीची भाजी फोडणीला टाकलीस, कारण बुधवार होता. मला काहीच विचारलं नाहीस. तू विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे. बहुतेक पुन्हा खोटंच. तू हे ओळखलं होतंस म्हणूनच विचारलं नाहीस, असं मला वाटतं.

त्यानंतरचा रविवार मी मागच्या पत्रात लिहिला. जानेवारीत तू दुसऱ्या राज्यात गेलीस, तुझं एक वर्ष वाया गेलं, आणि आपल्या लोकांत तू "ती खोटी तक्रार केलेली" झालीस. मी मठात आणखी चार वर्षं राहिले. शेवटच्या वर्षी मी मंडळाची अध्यक्ष होते.

तुझ्या मेसेजनंतर चार दिवस मी फक्त वर्गात जाऊन आले. पाचव्या दिवशी केयाला फोन केला. सगळं सांगितलं, तुला आत्ता लिहिलं त्याच क्रमाने. ती मुलगी एरवी वाक्याला तीनदा 'लाइक' म्हणते. या वेळी एवढंच म्हणाली, "ओके. आर यू सेफ, मावशी?"

मी म्हणाले, मी अडतीस वर्षांची आहे, मला काय होणार.

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड." मग, "आणि त्या चार मुली? त्या ऑगस्ट नाइन्थला येतायत. त्यांना कुठे ठेवू?"

ते तिने संध्याकाळपर्यंत सोडवलं. दोघी तिच्याकडे, दोघी एका प्राध्यापिकेकडे. मला पंधरा वर्षं जे जमलं नाही, ते त्या मुलीने चार फोनमध्ये केलं. स्मरणिकेतला शार्दूलचा लेखही काढला. जुने लोक भडकले. तिने त्यांना माझा नंबर दिला, माझ्या परवानगीने.

मंगळवारी मी बसने आपल्या गावी गेले. पाच तास. मक्याची शेतं तशीच आहेत. ऑफिस आता नव्या इमारतीत आहे. एक तरुण माणूस होता, त्याने जुना कागद शोधायला तास घेतला, पण सापडला. माझी सही मला ओळखू आली नाही, इतकी नीटनेटकी होती. मी नवीन निवेदन दिलं. त्यात तुझं नाव घालावं लागलं. त्याशिवाय वाक्य पूर्ण होत नव्हतं. तुझ्या नावाबाबत तुला न विचारता केलेली ही माझी दुसरी गोष्ट, आणि यासाठी तू रागावलीस तर तो राग योग्यच आहे. प्रत सोबत जोडते. मुख्य वाक्य असं आहे: इशिताने केलेली तक्रार खरी होती, आणि या कार्यालयात मी जे सांगितलं ते खोटं होतं.

त्या माणसाने सांगितलं की इतक्या वर्षांनंतर शिक्षा होईलच असं नाही. पण तुझ्या फाइलमधली नोंद दुरुस्त होईल आणि शार्दूलला विद्यापीठाच्या कुठल्याही कार्यक्रमात विद्यार्थ्यांना घरी ठेवता येणार नाही. तुला ते पत्र पाठवतील. तुला फोन करू का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, करू नका. तिने तिचं काम २००९ मध्येच केलं आहे.

शार्दूलचा फोन शुक्रवारी आला. आवाज अजून तसाच, समजूतदार.

"रत्ना, काय चाललंय हे? मला दोन मुली आहेत गं."

"मला माहीत आहे."

"एवढा राग होता तर मला बोलायचंस. आपण बसून बोललो असतो. तुला एअरपोर्टवरून कोण घेऊन आलं होतं, विसरलीस?"

"नाही विसरले. पाच तास गाडी चालवून तू आला होतास. जॅकेटही आणलं होतंस. ते खरं आहे. आणि नोव्हेंबरमधलंही खरं आहे."

"काय नोव्हेंबर?"

मी सांगितलं. दिवस, वेळ, टोपली, टॉवेल. इतकं सरळ मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. एकदाही दादा म्हणाले नाही, आणि ते त्याच्याही लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "तू एकटी राहून राहून असं झालंय तुला." मी म्हणाले, तेही असेल. मग त्याने फोन ठेवला.

दहा मिनिटांत मठाच्या जुन्या ग्रुपमधून प्रथमेशने मला काढलं. त्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं यायची, वाढदिवस यायचे, कोणाच्या तरी मुलाचं ग्रॅज्युएशन यायचं. माझ्या फोनवर येणारे निम्मे आवाज त्याचे होते. आता फोन शांत असतो. देवांगने तेवढा वेगळा मेसेज केला: "मी तेव्हाच बोलायला हवं होतं." मी लिहिलं, हो. मग वाटलं फार तुटक झालं, पण पुसलं नाही.

स्मरणिकेतला इतिहास मी लिहीत नाही. वही केयाला परत केली आणि व्हाइटनरखाली कोणाचं नाव आहे आणि ते कोणी लावलं, ते तिला सांगितलं. पुढे काय करायचं ते ती तुला विचारून ठरवेल किंवा ठरवणार नाही.

तिसरं प्रकरण मात्र काल उघडलं. पहिलं वाक्य याकोबचं केलं आहे.

इशिता, मी माफी मागत नाही आहे. मागितली की तुला काहीतरी करावं लागेल, द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल. तुझ्यावर आणखी एक काम टाकायचं नाही. तू त्या बाकावर बसून वाट पाहिलीस, त्याचं उत्तर एवढंच की आता मी खरंच सांगितलं आहे. तुला हे पत्र फाडायचं असेल तर निवेदनाची प्रत तेवढी ठेव. त्यावर कार्यालयाचा शिक्का आहे.

जिच्याबाबतीत ते घडलं, ती,
रत्ना